बोटभर धारेचा माग

पळसबोडीच्या मैनाला लहानपणी जेवढे धपाटे बसले, त्यातले निम्मेअधिक प्रश्नांसाठी बसले. मासोळी झोपते का? झोपते तर डोळे काऊन मिटत नाही? जाळ्याची गाठ उजवीकडूनच काऊन मारायची, डावीकडून मारली तर मासोळी निसटते का? बाप ढिवर, पहाटे जाळं घेऊन तलावावर जाणारा आणि दुपारी दमून पडणारा माणूस. तो पहिल्या प्रश्नाला हसायचा, दुसऱ्याला गप्प राहायचा आणि तिसऱ्याला हात उगारायचा. सातवीपर्यंत शाळेतल्या गुरुजींनीही साधारण हाच क्रम पाळला. पुढं लग्न झालं ते त्याच गल्लीतल्या मनसारामशी. घर बदललं, तलाव तोच राहिला आणि खोडही तीच. मनसाराम गरीब स्वभावाचा. त्यानं हात कधी उगारला नाही, पण "तुले काय करा लागते वं?" एवढं एक वाक्य त्यानं संसारात इतक्यांदा म्हटलं की आता ते समोर मैना नसतानाही त्याच्या तोंडून निघतं.

ही मैना कुणी मोठी विदुषी आहे असं समजू नका. कुरखेड्याच्या बाजारात ती मासोळी विकते, गिऱ्हाईकाशी कडाकडा भांडते आणि घरी आल्यावर पाय पसरून बसते. तिला फक्त गोष्टीचं मूळ कळल्याशिवाय चैन पडत नाही. अशा माणसाचा जवळच्यांना जरा तापच होतो, हे मान्य केलं पाहिजे.

तिच्या सगळ्या प्रश्नांत एक प्रश्न जुना आणि हट्टी होता. त्या भागात तलावांना तोटा नाही. पण वैशाख लागला की बहुतेकांच्या तळाला भेगा पडतात आणि पोरं त्यात क्रिकेट खेळतात. पळसबोडीचा तलाव खाली जातो, पण पुरता सुकत नाही. त्याच्या उत्तरेच्या कोपऱ्यात, बेशरमाच्या झुडपांमागून, बोटभर जाडीची एक धार येत राहते. भर उन्हाळ्यात, आभाळात ढगाचा ठिपका नसताना. त्या धारेवर ढिवरांच्या वस्तीचं पोट चालतं. ती कुठून येते, हे गावात कुणालाच ठाऊक नव्हतं. त्याहून नवल म्हणजे, ते ठाऊक नाही याचं कुणाला काही वाटतही नव्हतं.

मैनानं विचारायचं कुणाला बाकी ठेवलं नव्हतं. बाप म्हणाला, वरून येते. सासरा म्हणाला, जंगलातून येते. देवळातल्या बुवांनी तर तिला म्हण ऐकवली: "ऋषीचं कूळ अन् नदीचं मूळ शोधू नाई, बाई." त्यावर मैना म्हणाली, "ऋषीले लाज वाटत असन बुवा, पाण्याले कायची लाज?" बुवांनी टाळ उचलले आणि मोठ्यानं भजन सुरू केलं.

धार येत होती ती कोहकाटोल्याच्या डोंगरावरून, एवढं दिसत होतं. कोहकाटोला हे गोंडांचं गाव, जंगलाच्या आत. त्यांचं जंगल त्यांच्या ग्रामसभेचं, पळसबोडीचं पळसबोडीच्या लोकांचं, आणि मधे शिवेचा दगड. भांडण कधीच नव्हतं. पण सरपण, मोहफुलं, डिंक जे काय वेचायचं ते आपापल्या शिवेत, अशी रीत होती. त्यामुळं पळसबोडीच्या बाया पिढ्यान्‌पिढ्या त्या दगडापर्यंत गेल्या आणि तिथून वळल्या. पलीकडं पाहायचं तर एकटीनं जायची सोय नाही. हल्ली वाघाच्या बातम्या आठवड्याआड येतात. जंगलात एकटी गेलेली बाई घरी येईपर्यंत घरच्यांना घोर असतो.

मुलीचं लग्न करून दिलं त्या वर्षी मैनाला रिकामं रिकामं वाटू लागलं. एका संध्याकाळी ती धारेत पाय सोडून बसली आणि एकाएकी तिच्या मनानं घेतलं. आपण मरून जाऊ आणि हे पाणी कुठून येतं ते पाहायचं राहून जाईल. त्या विचारानं तिला रडूच आलं. घरी येऊन तिनं मनसारामला सांगितलं, "मी बायाइले घेऊन डोंगरावर जाणार हाय. पाण्याचं मूळ पाह्यले."

"तुले काय करा लागते वं?" मनसाराम म्हणाला. मग त्यानं भर घातली, "पाणी येऊन राह्यलं ना? मंग झालं तं."

दिवस तिनं हुशारीनं निवडला. चैत संपत आला होता. मोहफुलं वेचून झाली होती आणि तेंदूपत्त्याचं काम सुरू व्हायचं होतं. वर्षात बायांचे हात मोकळे असतात ते एवढेच थोडे दिवस. पण बचतगटाच्या बैठकीत तिनं गोष्ट काढली तेव्हा सगळ्या तिच्या तोंडाकडं पाहू लागल्या.

"आणाचं काय हाय तिथून?" म्हाताऱ्या अंजनाबाईनं विचारलं. अंजनाबाई म्हणजे वस्तीतली सगळ्यांत खमकी बाई. साठ वर्षं जंगल तुडवलेली.

"काईच नाई. पाहाचं अन् वापस याचं."

"जंगलात जाचं अन् खाली हातानं याचं?" अंजनाबाईनं गालावर हात ठेवला. "पोरी, तुया डोक्यावर परिणाम झाला का वं?"

तिचंही खरंच होतं. या बाया जंगलात रोज जात. पण डोक्यावर भारा नसताना जंगलातून परतलेली बाई गावानं कधी पाहिली नव्हती. नुसतं फिरायला जाणं हे गाडीतून येणाऱ्या शहरातल्या लोकांचं काम. लोक काय म्हणतील, हा प्रश्न वाघापेक्षा मोठा निघाला. मैनानं तीन बैठका घासाघीस केली. शेवटी नव्यानं लग्न होऊन आलेली रंजीता म्हणाली, "मी येतो बाई. मले अजून इथलं काईच म्हायती नाई." एक तयार झाली तशा बाकीच्याही हळूहळू तयार झाल्या. सगळ्यांत शेवटी अंजनाबाई आली, पोरी वाट चुकतील या काळजीनं, असं तिचंच म्हणणं.

आता परवानगी. कुरखेड्याच्या बाजारात मैनाच्या टोपलीशेजारी कोहकाटोल्याची बुधरी बसायची, चिंच आणि पत्रावळी घेऊन. दोघींची बरीच वर्षांची शेजारीण-मैत्री. बुधरीनंच तिला आपल्या गावच्या सभेत नेलं. तिथं भुमिया होता जंगू. भुमिया म्हणजे गावाच्या वतीनं देवाशी बोलणारा माणूस. पिकल्या मिशांचा, हळू बोलणारा. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "काऊन पाहाचं हाय?"

जन्मभर दुसऱ्यांना हा प्रश्न विचारलेल्या मैनाची बोबडी वळली. तिनं पायाच्या अंगठ्यानं माती उकरली. मग म्हणाली, "मले म्हायती नाई म्हणून."

जंगू हसला. सभेत थोडी कुजबुज झाली आणि मग त्यानं सांगितलं, "या. पण आमचा पंडुमाचा सण व्हायचा हाय अजून. नवं फळ आमी आधी पेनाले, आमच्या देवाले देतो, मंग आमी खातो. तोवर आमच्या शिवेत आंबा, चारोळीची चारं, काई तोंडात घालाचं नाई. ते पाणी पेनाच्या जाग्यातून निघते. देवाच्या आधी जेवलेला माणूस देवाच्या दारात कसा जाईन? ज्यानं खाल्लं, तो आहे तिथीच बसन. कबूल?"

"कबूल," मैना म्हणाली. "माया बाया काईच तोडणार नाई. जबान देतो."

निघायच्या दिवशी उजाडताच सगळ्या तलावाच्या पाळीवर जमल्या. भात, सुकटीची चटणी आणि पाण्याच्या बाटल्या, एवढंच सोबत. वनरक्षकाला आदल्या दिवशी सांगून ठेवलं होतं. तो म्हणाला होता, घोळक्यानं चाला, बोलत चाला, ऊन कलायच्या आत खाली या. बोलत चाला हे या बायांना सांगायची गरज नव्हती. मैनानं नियम केला होता: टोपली नाही, दोरी नाही, इळा नाही. तरी अंजनाबाईच्या कमरेला काहीतरी खोचलेलं दिसलं. इळाच होता.

"इळ्याबिगर आंग उघडं वाटते वं," अंजनाबाई म्हणाली.

मैनानं तो काढून घेऊन पाळीवरच्या देवळात ठेवला. रंजीताच्या पदराला गाठ मारलेली दोरी निघाली, तीही ठेवली. सगळ्या मग निघाल्या. पण सुरुवातीला कुणालाच धड चालता येईना. हातांचं काय करायचं ते कळत नव्हतं. एक जण हात मागं बांधून चालत होती, एक जण दोन्ही हातांनी पदर धरून. वाटेत छान वाळलेलं लाकूड दिसलं की सगळ्या थबकत आणि उसासा टाकून पुढं जात.

शिवेच्या दगडापाशी बुधरी उभी होती. तिथून पुढं धारेच्या काठानं चढण सुरू झाली. पलीकडचं जंगल पलीकडचं म्हणून वेगळं नव्हतं, तोच साग, तोच धावडा, पण बाया इकडंतिकडं अशा पाहू लागल्या की जणू माहेरच्या गावात कुणी नवं घर बांधलंय. पाणी कुठं दगडांखाली गडप व्हायचं, कुठं पुन्हा वर यायचं. गडप झालं की मैना तिथं वाकून कान लावायची. "आहे, आहे, खालून चालते," म्हणायची आणि चेहरा असा फुलायचा की पाहणाऱ्याला हसू यावं. अर्ध्या वाटेवर कैऱ्यांनी लगडलेला आंबा आला. रंजीताचा हात वर गेलाच.

"रंजीता!" मैना एवढ्यानं ओरडली की दोन होले उडाले. "सांगतलं होतं ना? एक दिवस हात सांभाळून ठेवता येत नाई? मी जबान देली हाय त्या लोकाइले!"

रंजीताचं तोंड एवढंसं झालं. अंजनाबाई पुटपुटली, "पोलिसासारखी करून राह्यली." मैनानं तिकडं लक्ष दिलं नाही. मूळ जवळ येत होतं आणि तिची पावलं आपोआप भरभर पडत होती.

शेवटच्या चढणीवर ती आणि बुधरी पुढं होत्या. बुधरीलाही त्या दिवशी प्रश्न सुचत होते. "आमचं पाणी तुमच्याकडं जाते," ती म्हणाली, "मंग तुमच्या मासोळ्या वर आमच्याकडं काऊन नाई येत?" असा प्रश्न मैनाला आयुष्यात कुणी विचारला नव्हता. ती रंगात आली. पावसाळ्यात मासोळी उलट्या धारेनं कशी चढते, दगडाला अडली की शेपटी मारून कशी उडी घेते, कोणती जात चढते आणि कोणती आळशी तळातच बसून राहते, सगळं ती हातवारे करून सांगत सुटली. पायवाटेला दोन्ही बाजूंनी चारोळीची झाडं होती, फांद्या खांद्याला लागत होत्या. काही फळं लवकर पिकून काळी झाली होती.

वर एक मोठा खडक दिसू लागला. "त्या खडकामागंच," बुधरी म्हणाली. मैनाला वाटलं, अशी घामेजली, धुळीची नको जायला. हात-तोंड धुवावं म्हणून ती धारेशी वाकली आणि तिनं मूठ उघडली.

मुठीत चारोळीच्या बिया होत्या. पाच-सहा, चोखून स्वच्छ केलेल्या.

पळसबोडीच्या कुठल्याही बाईला याचा अर्थ सांगावा लागत नाही. फळ तोंडात जातं आणि बी मुठीत राहते, कारण ती फोडून चारोळी निघते. हे हातांना इतकं मुरलेलं असतं की डोक्याला विचारावं लागत नाही. मैना बोलत होती मासोळ्यांबद्दल, आणि तिचा हात आपलं रोजचं काम करत होता. तिनं जिभेवरून बोट फिरवलं. बोट जांभळं झालं.

मागच्या बाया अजून वळणापलीकडं होत्या. बुधरी वर पाहत होती. मूठ धारेत मोकळी केली असती तर बिया वाहून गेल्या असत्या. खडक समोर होता. मैनाच्या मनात हे सगळं येऊन गेलं, एकदा नाही, दोन-तीनदा येऊन गेलं. तिचा स्वतःवर इतका संताप झाला की तो उजवा हात दगडावर आपटावा असं तिला वाटलं. मग जंगूचा चेहरा आठवला आणि रंजीताचं एवढंसं झालेलं तोंड. ती तिथंच दगडावर बसली.

बाया आल्या. मैनानं हात पुढं केला. "मी खाल्ली," ती म्हणाली. "तुमी जा. मी इथीच बसतो."

एकच गलका उठला. अंजनाबाईनं तर तिचा दंड धरून ओढलं. "फेक ते बिया! कोणी पाह्यलं? एवढं रान उठवलं तं तुयासाठीच ना? तूच नाई पाहात तं आमी काय पाह्यचं?"

"लोका सांगे ब्रह्मज्ञान, तशी गत झाली मायी," मैना म्हणाली, आणि तिला हसता हसता हुंदका आला. "जबान मी देली होती. जा ना वं. लवकर जा."

रंजीता तेवढी तिच्याजवळ येऊन क्षणभर उभी राहिली. मग सगळ्या वर गेल्या. जंगलात कुणाला एकटं सोडायचं नाही म्हणून बुधरी मागं थांबली. मैनाच्या हाताकडं बुधरीचं आधीच लक्ष गेलं होतं का, हे मैनानं पुढं पुष्कळदा विचारलं. बुधरी नुसती हसते.

दोघी बसून राहिल्या. "तू तरी सांग," मैना न राहवून म्हणाली. "कसं हाय तिथी?"

बुधरीनं विचार केला. "रोजचं हाय ना. रोज पाह्यलेलं सांगता येत नाई," ती म्हणाली. "तुमचा तलाव कसा हाय, सांग बरं. मी कधी पाह्यला नाई."

मोठा आहे, मैना म्हणाली. पाणी आहे. पाळीवर देऊळ आहे. यापुढं तिला सुचेना, आणि ज्या तलावात ती जन्मभर उभी राहिली तो तिला सांगता येत नाही, याचं तिला फार नवल वाटलं.

वर बायांचे आवाज येत होते, हसणं, हाका. मग एकाएकी सगळं शांत झालं. मैना अर्धवट उठून उभी राहिली. काय पाहिलं असेल त्यांनी? एवढ्या बाया एकाच वेळी गप्प बसल्याचं तिनं कधी ऐकलं नव्हतं. ती पुन्हा बसली आणि पदराचं टोक चावत राहिली.

बाया खाली आल्यावर मैनानं त्यांना दम घेऊ दिला नाही. "काय हाय?"

"दगड हाय एक. त्याच्या खालून पाणी येते," अंजनाबाई म्हणाली.

"दगडाखालून नाई, झाडाच्या मुळातून," रंजीता म्हणाली.

"वाळू उडते पाण्यात, भात शिजल्यावानी," तिसरी म्हणाली.

"एका जाग्यातून निघते का दोन?" मैनानं विचारलं. कुणाला सांगता येईना. पाणी गार आहे का कोमट? गार, म्हणाली एक; दुसरीनं हात घातलाच नव्हता. झाड कशाचं? तिथं मासोळी आहे का, बेडूक आहे का? पाणी उगवतीकडून येतं का मावळतीकडून? बाया एकमेकींकडं पाहू लागल्या. सगळ्यांनी डोळे भरून पाहिलं होतं, हात जोडले होते, आणि पाहिलं काय ते कुणाच्या ध्यानात नव्हतं.

"तू असती तं पाह्यलं असतं," रंजीता हळूच म्हणाली.

मैनाचा चेहरा उतरला. ती काही रागावली नाही. नुसती खाली मान घालून बसली, आणि ते तिच्या रागावण्यापेक्षा वाईट दिसत होतं. अंजनाबाईला ते पाहवेना. तिनं गुडघ्यावर हात ठेवला, उठली आणि पुन्हा चढणीला लागली.

"कुठी चालली वं माय?" कुणीतरी ओरडलं.

"पाहून येतो नीट. एका जाग्यातून निघते का दोन," म्हातारी मागं न वळता म्हणाली. "अन् कोमट हाय का तेबी."

तिच्यामागं रंजीता गेली, मग बाकीच्या. या वेळी वरून हसण्याचे आवाज आले नाहीत. बारीक, भांडल्यासारखे आवाज येत होते: इकडून पाह, अवं खाली वाक, हे बघ, इथी हात घाल. ऊन चढत होतं. बुधरीनं दोनदा आभाळाकडं पाहिलं.

त्या उतरल्या तेव्हा अंजनाबाईचं लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलं होतं आणि कोपराला चिखल होता. धार दोन जागांतून निघते, तिनं सांगितलं. एक मोठी, एक करंगळीएवढी, आणि करंगळीवाली जास्त गार आहे. झाड उंबराचं. मासोळी नाही, पण दगडाखाली खेकडे आहेत. मैना एकेक शब्द गिळत होती आणि तिचे डोळे वाहत होते. तिला वाईट वाटत होतं आणि आनंदही होत होता, आणि दोन्ही एकाच वेळी कसं होतं हे तिला कळत नव्हतं.

सगळं सांगून झालं तरी अंजनाबाई सरकली नाही. ती वर खडकाकडं पाहत उभी होती. साठ वर्षं जंगलातून भारे वाहिलेल्या त्या बाईच्या कपाळावर एक नवीनच आठी पडली होती.

"मैना," ती म्हणाली, "पण त्या दगडाच्या आत ते पाणी कुठून येत असन वं?"

मैनानं बुधरीकडं पाहिलं, बुधरीनं नकाराची मान हलवली. "मले म्हायती नाई, बाई," मैना म्हणाली. अंजनाबाईनं "हं" केलं आणि शेजारच्या दगडावर बसून तीही खडकाकडं पाहू लागली.